पांढऱ्या स्टिकरच्या खाली

टोरोंटोतला माझा पहिला गुढीपाडवा खारट झाला. रात्रभर दही टांगायला घरात ना खुंटी होती ना पंचा. कामावरची एक मैत्रीण म्हणाली, लॉरेन्स अव्हेन्यूवर अरबी दुकानं आहेत, तिथे लबने मिळतं, ते तुमच्या चक्क्यासारखंच असतं. ५४ नंबरच्या बसने मी वेक्सफर्डला उतरले, मार्चअखेरच्या काळपट बर्फातून वाट काढत दुकानात शिरले आणि एक पांढराशुभ्र डबा घेऊन घरी आले. साखर घालून घोटलं, वेलची आणि केशर घातलं, वरून जायफळ किसलं. पहिला घास नवऱ्याने घेतला आणि काही न बोलता पाण्याचा पेला उचलला. लबन्यात मीठ असतं. लेबनॉन-सीरियाकडे ते ताटलीत पसरतात, वर ऑलिव्हचं तेल ओततात आणि सकाळी भाकरीसारख्या खुब्जबरोबर खातात. डब्यावर मिठाचा उल्लेख होता, इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये, एका पांढऱ्या स्टिकरवर. मी तो वाचला नव्हता.

पुढच्या आठवड्यात त्याच दुकानात जाऊन दुकानदाराला हकिगत सांगितली. "साखर?" त्याने दोनदा विचारलं. लबन्यात साखर घालणाऱ्या बाईला हसावं की तिची कीव करावी, हे त्याचं बराच वेळ ठरत नव्हतं. शेवटी थंड कपाटाच्या तळातून त्याने दुसरा डबा काढला. हा बिनमिठाचा. वर स्टिकर नव्हतं, नुसती अरबी अक्षरं होती. ती कशी ओळखायची हे त्याने मला बोट ठेवून दाखवलं. या पुस्तकाची सुरुवात तिथे झाली. पुस्तक लिहायचं ठरलं ते पुष्कळ नंतर.

त्या पांढऱ्या स्टिकरबद्दल आधी सांगायला हवं. कॅनडात विकल्या जाणाऱ्या खाण्याच्या पाकिटावर इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषा लागतात आणि पोषणाचा ठरीव तक्ता लागतो. जाफन्याहून, सोलहून, अदिस अबाबाहून आलेल्या पाकिटावर अर्थातच हे सगळं नसतं. मग माल आणणारा व्यापारी एक पांढरं स्टिकर छापतो आणि पाकिटावर जागा दिसेल तिथे डकवतो. जागा बहुतेक वेळा नावाचीच सापडते. त्यामुळे एका फळीवर सात देशांची सात लोणची असली तरी सगळ्यांवर एकच मजकूर असतो: मुरवलेली भाजी. कोणती भाजी, कशात मुरवलेली, कुणाच्या घरची, हे स्टिकरच्या खाली. स्टिकरचा कोपरा नखाने उचलून पाहायची सवय मला या शहरात लागली. दुकानदारांना ते आवडत नाही, हेही इथेच कबूल करते.

टोरोंटोच्या खाण्यावर लिहिलेलं पुष्कळ वाचायला मिळतं आणि त्यातलं बहुतेक हॉटेलांवर असतं. कुठल्या गल्लीत कुठलं नूडल, कुठला शेफ, किती वेळ रांग. त्याला माझी हरकत नाही, मीही रांगेत उभी राहते. पण हॉटेल हा पाहुण्यांसाठी मांडलेला दिवाणखाना असतो. तिथे तिखट जरा कमी केलेलं असतं, काटे काढलेले असतात आणि पदार्थाच्या नावापुढे त्याचा खुलासा लिहिलेला असतो. किराण्याचं दुकान हे स्वयंपाकघराचं मागचं दार. तिथे येणारी बाई आपल्या घरच्यांसाठी सामान घेत असते. तिला खुलासा नको असतो, तिला कालच्यापेक्षा ताजा पाला हवा असतो. एखाद्या समाजाची माणसं इथे खरोखर राहतात का, की त्यांचं नुसतं हॉटेल आहे, हे दुकानातल्या तांदळाच्या पोत्यांवरून कळतं. दहा किलोचं पोतं पाहुणा नेत नाही.

२०२१च्या जनगणनेनुसार टोरोंटो शहराची वस्ती सुमारे २८ लाख होती आणि त्यातली जवळजवळ निम्मी माणसं कॅनडाबाहेर जन्मलेली होती. हे एका दिवसात झालं नाही. १९६७ साली कॅनडाने स्थलांतरितांना त्यांचा देश पाहून निवडण्याची पद्धत बदलली; शिक्षण, वय, भाषा, कसब यांचे गुण मोजायला सुरुवात केली. आधी आलेले इटालियन, ग्रीक, पोर्तुगीज होतेच. त्यानंतर १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेली गुजराती कुटुंबं आली. १९७९-८०च्या सुमाराला व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातले साठेक हजार निर्वासित कॅनडात आले, आणि १९८३च्या कत्तलीनंतर श्रीलंकेतले तमिळ. प्रत्येक लाटेने ओसरताना एखाद्या रस्त्यावर दुकानांची एक रांग मागे ठेवली. शहराचा इतिहास वाचायला लोक वस्तुसंग्रहालयात जातात. मी ५०५ नंबरची स्ट्रीटकार पकडते. (सासूबाई तिला अजून ट्राम म्हणतात. मुंबईची ट्राम १९६४ मध्ये बंद झाली, तेव्हा त्या शाळेत होत्या.)

केन्सिंग्टन मार्केट या स्ट्रीटकारच्या वाटेवर, स्पडायना अव्हेन्यूच्या पश्चिमेला आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पूर्व युरोपातले ज्यू तिथे राहायला आले आणि त्यांनी घराच्या पुढच्या खोलीतच दुकानं काढली. माल ओटीवर मांडलेला, माणसं माजघरात. वस्ती एवढी जमली की लोक त्या भागाला ज्यू मार्केट म्हणू लागले. ज्यू उत्तरेकडे सरकले, त्यांच्या जागी हंगेरियन आले, मग पोर्तुगीज, कॅरिबियन, चिनी, लॅटिन अमेरिकी. पुढची खोली मात्र दुकानाचीच राहिली. ज्या फळीवर हेरिंग मासा होता तिथे खारवलेला कॉड आला, मग कच्ची केळी, मग सुक्या मिरच्यांचे सात प्रकार. २००६ मध्ये सरकारने या बाजाराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून मान्यता दिली. जुन्या दोन सिनेगॉग अजून उभ्या आहेत. आता तिथे कॉफीची आणि जुन्या कपड्यांची दुकानं वाढली आहेत आणि शनिवारी फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून मी मंगळवारी सकाळी जाते.

पूर्वेकडे जेरार्ड स्ट्रीटवरचा इंडिया बझार ही आपल्या लोकांची जुनी पेठ. १९७२ मध्ये तिथे नाझ थिएटर सुरू झालं आणि हिंदी सिनेमा पाहायला माणसं दूरदूरच्या गावांहून येऊ लागली. सिनेमा तीन तासांचा, परतीचा प्रवास दोन तासांचा, तेव्हा जाता जाता डाळ-तांदूळ, साड्या आणि पान घेऊन जाणं ओघानेच आलं. थिएटर केव्हाच गेलं. पेठ टिकली, पण गिऱ्हाईक ब्रॅम्प्टनला आणि स्कारबरोला राहायला गेलं आणि दुकानं त्यांच्यामागे गेली. आज मराठी माणसाला पोह्यांसाठी शहराच्या मध्यात यावं लागत नाही. कुठल्याही उपनगरातल्या प्लाझात, दंतवैद्य आणि लाँड्रीच्या मधोमध, एक देशी दुकान असतंच. त्या दुकानांवर या पुस्तकात फार थोडं आहे. ती आपल्याला ठाऊक असतात.

मला सांगायचं आहे ते दुसऱ्यांच्या दुकानांबद्दल, आणि तिथे मी का गेले त्याबद्दल. कुतूहल म्हणून गेले असं म्हटलं तर ते शोभून दिसेल, पण खरं नाही. मी गेले ती आपल्याच वस्तू शोधत. माझं माहेर मालवणचं, सासर पुण्याचं. एका घरात बांगडा लागतो, दुसऱ्यात चातुर्मास. देशी दुकानात दोन्हींची पुरती सोय नव्हती.

बांगड्याचं तिखलं ही तशी साधी गोष्ट. बांगडा, ओलं खोबरं, मिरची, हळद, कोकम आणि तिरफळं. टोरोंटोत पहिल्यांदा ते करायला मला चार दुकानं लागली. बांगडा मिळेना, पण त्याच कुळातला, त्याहून मोठा आणि तेलकट मॅकरेल कोरियन दुकानात बर्फावर डोळे उघडे ठेवून पडला होता. तिथल्या बाईने तो पाठीकडून चिरला. आपण पोटाकडून साफ करतो, मी हात करून थांबवेपर्यंत सुरी फिरली होती. ओलं खोबरं तमिळ दुकानातलं, गोठवलेलं. तिथेच कोकम विचारलं. दुकानदाराने काळी, सुकी, चामड्यासारखी पाकळी दाखवली: गोरका. श्रीलंकेत माशाच्या कालवणात ही घालतात. कोकमाची चुलत बहीण म्हणावी; आंबटपणा भरपूर, पण आपला तो लालसर रंग नाही. राहिली तिरफळं.

तिरफळ कोकणाबाहेर आणि गोव्याबाहेर फारसं कुणाला माहीत नसतं, पुण्यातसुद्धा नाही. मी ती आशा सोडली होती. एका रविवारी स्पडायनावरच्या चिनी दुकानात मसाल्याच्या फळीपाशी उभी असताना वास आला. फाटलेल्या पाकिटातून चार दाणे सांडले होते: तपकिरी, खरखरीत, उमललेले. मी एक उचलून दाताखाली धरला. जीभ झिणझिणली आणि मी थेट आमच्या मागीलदारच्या पाट्यावर पोचले. स्टिकरवर 'मिरी' लिहिलं होतं, जी ती मुळीच नाही. ते सिचुआन प्रांताचं ह्वाजाव. तिरफळ आणि ह्वाजाव एकाच कुळातल्या काटेरी झाडांची फळं आहेत. रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, "बियो काडून टाक हां, कडू लागतत." बिया काढलेल्याच होत्या. चीनमध्येही सालच वापरतात, बी फेकून देतात. मालवणात आणि सिचुआनमध्ये आणखी काय सारखं असेल ते असो, तिरफळाची बी टाकायची हे दोन्हीकडच्या बायकांनी आपापलं शोधून काढलं. तिखलं मात्र जरा जास्तच झिणझिणीत झालं, कारण मी प्रमाण मालवणचं ठेवलं होतं.

बोंबलांची गोष्ट याहून सोपी. डॅनफर्थ अव्हेन्यू पूर्वेला व्हिक्टोरिया पार्कजवळ पोचतो, तिथे बांगलादेशी वस्ती आहे. त्यांच्या दुकानात बोंबील मिळतात, गोठवलेले आणि सुकेही. त्यांना लोइट्टा म्हणायचं. सुक्या मासळीला शुटकी. पाकिटाच्या स्टिकरवर 'बॉम्बे डक' असतं, पण ते नाव काउंटरवर घेतलं तर तरुण मुलगा तोंडाकडे बघत राहतो. लोइट्टा म्हटलं की सरळ फ्रीजरकडे बोट दाखवतो. बंगाली बायका तो भरपूर कांदा-लसूण घालून अगदी आटवतात. मी रवा लावून तळते असं सांगितल्यावर एकीने विचारलं, "मग काट्याचं काय करता?" मी म्हटलं, खातो. तिला ते पटलं नाही.

पण ज्या पानांनी मला खरं वेड लावलं ती अळूची. कॅरिबियन दुकानात एक जुडी दिसली, मोठी हिरवीगार हृदयाकार पानं, देठ जांभळट. पाटी: दशीन बुश. अळूच ते. शेजारी उभ्या असलेल्या त्रिनिदादच्या आजींनी सांगितलं की याची कॅलालू करायची, नारळाच्या दुधात भेंडी आणि भोपळा घालून शिजवून घोटायची. महिन्याने एका जमैकन दुकानात मी 'कॅलालू' मागितली तर माणसाने माठाची जुडी हातात ठेवली. मी म्हटलं, ही नव्हे. तो म्हणाला, हीच. आणि दोघंही बरोबर होती. त्रिनिदादात कॅलालू म्हणजे अळू, जमैकात कॅलालू म्हणजे माठाच्या जातीची पालेभाजी. एकाच समुद्रातली दोन बेटं, एक नाव, दोन पानं. इंग्रजी-फ्रेंच स्टिकरने यात काय सोडवलं असतं? डब्यातल्या कॅलालूवर ते असतं, आणि त्यावर पुन्हा फक्त 'पालेभाजी'.

त्रिनिदादच्या त्या आजींनी पुढे आणखी एक गोष्ट सांगितली. दशीनची पानं डाळीच्या पिठात बुडवून तळतात, त्याला सहिना म्हणतात. मी त्यांना अळूवडी सांगितली: पान उपडं ठेवायचं, चिंच-गूळ घालून भिजवलेलं बेसन लावायचं, गुंडाळी करून उकडायची, कापून तळायची. त्या ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या, जणू मी त्यांच्याच आजीची पाककृती सांगत होते, फक्त जरा चुकवत. तसं नवल नाही. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' नावाचं जहाज भारतातले करारबद्ध मजूर घेऊन त्रिनिदादला लागलं, आणि पुढच्या सात दशकांत लाखाहून जास्त माणसं तशीच गेली, बहुतेक भोजपुरी मुलखातली. त्यांच्याबरोबर वडा गेला, त्याचा 'बारा' झाला. दोन मऊ बाऱ्यांच्या मध्ये छोले घालून केलेला 'डबल्स' टोरोंटोत शनिवारी सकाळी कागदात गुंडाळून मिळतो. तो खाताना शर्टावर सांडला नाही तर तो नीट केलेला नाही, असं विकणाराच सांगतो.

नावावरून या शहरात सरकारशी भांडणही झालं आहे. जमैकन पॅटी म्हणजे हळदीने पिवळ्या झालेल्या पारीत मसालेदार खिमा भरलेली करंजीच. १९८५ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी टोरोंटोतल्या पॅटीवाल्यांना कळवलं की 'बीफ पॅटी' हे नाव वापरायचं नाही, कारण कायद्यात बीफ पॅटी म्हणजे हॅम्बर्गरमधली मांसाची चकती, आणि तिला पारी नसते. पॅटीवाले हटले नाहीत, वर्तमानपत्रांनी त्याला युद्ध म्हटलं, आणि अखेर 'जमैकन पॅटी' या नावावर तडजोड झाली. गंमत अशी की त्या पारीतली हळद आणि आतला मसाला जमैकात पोचला त्यात त्याच १८४५ साली तिथे उतरलेल्या भारतीय मजुरांचा हात होता. टोरोंटोच्या मेट्रो स्टेशनांत आज ती समोशाइतक्या सहज विकली जाते. तिला काय म्हणायचं हे विचारायला कुणी येत नाही.

नावं शोधता शोधता मला आपल्याच नावांची चव लागली. डंडस स्ट्रीट वेस्टवरच्या पोर्तुगीज दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा भाज्यांवरच्या पाट्या वाचून मी थबकले. बटाटा. अननस. पपाया. काजू. कुव्ह, म्हणजे आपली कोबी, पण तो गड्डा नव्हता, नुसती सुटी रुंद पानं होती. बेकरीच्या काचेमागे पाव. इथले पोर्तुगीज १९५३ पासून येऊ लागले, बरेचसे अझोर्स बेटांवरून. गोव्याशी त्यांचा काही संबंध नाही. पण त्यांच्या वाण्याची यादी माझ्या आईच्या यादीशी जुळत होती, कारण चारशे वर्षांपूर्वी यांच्या पूर्वजांनी आमच्या किनाऱ्यावर ही फळं आणि ही नावं उतरवली होती. मी काउंटरवरच्या बाईला म्हटलं की आम्हीही बटाटाच म्हणतो. ती शांतपणे म्हणाली, "मग दुसरं काय म्हणणार?"

यंग स्ट्रीटच्या उत्तर टोकाला इराण्यांची दुकानं आहेत. त्या भागाला लोक गमतीने तेहरांतो म्हणतात. तिथे दगडाच्या खड्यांवर भाजलेली हातभर लांब संगक रोटी गरम असताना उभ्याने खाणारी माणसं दिसतात. ('संग' म्हणजे दगड. रोटीला एखादा खडा चिकटून येतो, दात जपावेत.) त्या दुकानात 'सब्जी' मागितली तर शिजवायची भाजी मिळत नाही, तुळशीसारखा रेहान, पुदिना, मुळ्याचा कोवळा पाला असा कच्चा खायचा हिरवा जुडगा मिळतो. जर्दाळू म्हणजे 'जर्द आलू', पिवळा आलू, हे तिथल्या बरणीपाशी कळलं. आणि बेदाणा? 'बी-दाने', बिनबियांचा. तासगावच्या वाटेवर बेदाण्याच्या शेड बघत मी लहानपणी किती वेळा गेले असेन, त्या शब्दात काय भरलंय हे टोरोंटोतल्या एका म्हाताऱ्या इराणी गृहस्थाने सांगेपर्यंत कधी डोक्यात आलं नव्हतं.

सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या त्या नेमक्या आषाढात. चातुर्मासात कांदा-लसूण नाही. आल्यावर महिनाभर त्या माझ्या चिनी दुकानांच्या फेऱ्यांकडे संशयाने पाहत होत्या आणि त्यांचं चुकत होतं असं नाही. तिथल्या पुष्कळ सॉसमध्ये मासा, कालवं किंवा कोळंबी कुठेतरी असतेच, आणि कोरियन किमचीतही खारवलेली कोळंबी असते. मग एका चिनी दुकानात बौद्ध शाकाहाऱ्यांची वेगळी फळी सापडली. चिनी बौद्धांमध्ये जे नेम पाळतात ते मांस-मासे तर सोडतातच, शिवाय कांदा, लसूण, पात अशा उग्र भाज्याही वर्ज्य मानतात. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी चष्मा लावून ते पाकीट स्वतः तपासलं. नंतर त्या दुकानातल्या आजींशी त्यांची खुणांनी ओळख झाली. दोघींनाही इंग्रजी येत नाही. लसणाकडे बोट दाखवून एकीने नाक मुरडलं, दुसरीने मान डोलावली. साबुदाण्याची गोष्ट मात्र त्यांनी मला माफ केलेली नाही. एकादशीला मी व्हिएतनामी दुकानातले टॅपिओकाचे मोती भिजत घातले होते. सकाळी पातेल्यात पांढरा गोंद होता.

आणि ज्याला आपण 'आपलं' म्हणतो त्याचंही स्टिकर उचलून पाहावं. देशी दुकानातल्या मसूरडाळीची पिशवी उलटी करा. पुष्कळदा ती सस्कॅचेवानची निघते, दुकानापासून फार तर तीन दिवसांच्या मोटारप्रवासावर पिकलेली. तिथल्या विद्यापीठात अल स्लिंकार्ड यांनी १९७८ मध्ये 'लेअर्ड' नावाचं मसुराचं वाण आणलं आणि गव्हाच्या मुलखात मसूर रुजला. आज कॅनडा जगातला मोठा मसूर निर्यातदार आहे आणि भारत त्याचं मोठं गिऱ्हाईक. म्हणजे कोल्हापूरच्या आख्ख्या मसुरातला मसूर इथून, कॅनडातूनच गेलेला असू शकतो. मी इथे देशी दुकानात जाऊन तो 'गावची चव' म्हणून विकत घेते.

मोठ्या सुपरमार्केटनाही या बाजाराचा वास लागला आहे. २००९ मध्ये लोब्लॉ या बड्या कंपनीने टी अँड टी ही चिनी दुकानांची साखळी साडेबावीस कोटी डॉलरना विकत घेतली. बाकीच्या दुकानांत 'इंटरनॅशनल' अशी पाटी लावलेली एक गल्ली असते. तिथे पापड, सोया सॉस आणि नारळाचं दूध शेजारी शेजारी बसतात. स्पॅगेटी त्या गल्लीत नसते, ती केव्हाच घरची झाली. त्या गल्लीचा मला उपयोग होतो, राग येत नाही. पण तिथे विचारायला कुणी नसतं. बिनमिठाचा डबा तळातून काढून देणारा माणूस तिथे नोकरीला ठेवत नाहीत.

आणि छोटी दुकानं जात आहेत. एग्लिंटन वेस्टवरच्या लिटल जमैकात २०११ नंतर रेल्वेच्या कामासाठी रस्ता खोदला आणि तो वर्षानुवर्षं खोदलेलाच राहिला. फुटपाथवर कुंपण, पार्किंग नाही, बस वळवलेली. अनेक दुकानांनी शटर ओढलं ते पुन्हा उघडलं नाही. केन्सिंग्टनला भाडं वाढलं की मसाल्याच्या जागी कॉफी येते. काही ठिकाणी दुकानदाराची मुलं डॉक्टर-इंजिनिअर झाली, त्यांना बारा तास गल्ल्यावर बसायचं नव्हतं, हेही कारण आहेच, आणि ते वाईट कारण नाही. हे पुस्तक लिहीत असताना यातली काही दुकानं बंद पडली. ती मी काढून टाकलेली नाहीत. मजकुरात क्रियापद भूतकाळी दिसलं तर तिथे जाऊ नये.

पुस्तकाची मांडणी देशांप्रमाणे केलेली नाही. तसं करून पाहिलं, पण त्रिनिदादचा बारा भारतात घालायचा की कॅरिबियनमध्ये, आणि स्कारबरोच्या 'हक्का' हॉटेलांत कोलकात्याच्या टांग्राहून आलेले चिनी लोक जे मंचुरियन करतात ते कुठे घालायचं? त्याचं जनकत्व तर मुंबईच्या नेल्सन वाँग यांना देतात. तेव्हा बस आणि स्ट्रीटकारच्या नंबरांप्रमाणे प्रकरणं पाडली आहेत: ५४, ५०५, ५०६, ५१०. वाचकाने एक दिवसाचा पास काढावा, रिकामी पिशवी घ्यावी आणि हिवाळ्यात जाड मोजे घालावेत. शनिवारी दुपारी जाऊ नये, तेव्हा दुकानदाराला बोलायला उसंत नसते. फोटो काढण्याआधी काहीतरी विकत घ्यावं. नाव विचारावं, आणि ते आपल्याला जमेल तसं देवनागरीत लिहून ठेवावं. नावांची माझी रूपं भाषातज्ज्ञांना खटकतील. ती मी ऐकली तशी आहेत.

सासूबाई परतल्या तेव्हा फ्रिजवर त्यांच्या हातची यादी राहिली, ती मी काढलेली नाही. जुन्या वळणाचं टपोरं अक्षर: दशीनची पानं (मोठी, बारा). कुरक्कनचं पीठ, म्हणजे नाचणी, तमिळांकडून. मोर मिळगाय, आपली सांडगी मिरची. लबने. त्यापुढे कंसात काहीतरी लिहून खोडलं आहे, आणि खाली लाल शाईने ती अरबी अक्षरं काढली आहेत, दुकानदाराने मला दाखवली होती तशी, डावीकडून उजवीकडे.